तारीख आणि निकाल

मुलगी काय करते, हा प्रश्न आमच्या समाजात वयात आलेल्या मुलीच्या बापाला जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा न्यायालयात साक्षीदारालाही त्याचे नाव विचारले जात नसेल. आम्ही उत्तर देतो, "नृत्य शिकते." विचारणारे सद्गृहस्थ मान डोलावतात, कौतुकाने हसतात, आणि क्षणभर थांबून पुन्हा विचारतात, "ते झालेच हो. पण शिकते काय?"

या दुसऱ्या प्रश्नात दुष्टावा मुळीच नसतो. गाणे, वाजवणे आणि नाचणे ही संध्याकाळची गोष्ट आणि शिक्षण ही दिवसाची गोष्ट, अशी वाटणी आपल्या मध्यमवर्गाने फार दिवसांपूर्वी करून ठेवलेली आहे. संध्याकाळच्या गोष्टीत अपयश आले तर कोणाचे काही अडत नाही. पेटी कपाटावर जाते, चाळ ट्रंकेत जातात, आणि पुढे कधीतरी पाहुण्यांसमोर त्यांची आठवण निघते. परंतु एखादे मूल जेव्हा हीच गोष्ट आपण जन्माचा व्यवसाय म्हणून करणार असे म्हणते, तेव्हा अपयशाची जातच बदलते. मग दुखावलेला पाय हा नुसता दुखावलेला पाय राहत नाही, आणि निवड झाली नाही एवढ्या तीन शब्दांनी घरातली चूल थंड पडते. आमच्या घरी हे प्रकरण तेरा वर्षे चालू आहे. त्यात आईबापांचे नेमके काम कोणते, याविषयी आम्हांला जे काही समजले ते आज वाचकांपुढे मांडावे असे योजले आहे.

भरतनाट्यम् बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले डोळे, हात आणि दागिने दिसतात. घरात राहणाऱ्याला गुडघे दिसतात. या नृत्याचा पाया म्हणजे अरैमंडी. टाचा जोडलेल्या, पावले दोन दिशांना वळलेली, गुडघे बाजूंना वाकवलेले, आणि पाठ मात्र समईसारखी सरळ, असे अर्धे बसायचे आणि त्याच अवस्थेत पाय आपटायचे. हा वळसा खुब्यातून यावा लागतो. तो खुब्यातून न येता गुडघ्यातून ओढून आणला, तर गुडघा पुढे त्याचा सूड घेतो. मग अडवू, म्हणजे पायांची मूळ पदे, आणि त्यांतील प्रत्येक पद तीन गतींत: आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. गुरू समोर लाकडावर दांडा वाजवीत "तैया तै" म्हणत राहतात, आणि सात वर्षांची मुले घामाने निथळत राहतात. कित्येक महिने दुसरे काहीच नसते. हे पाहिल्यावर आमच्या असे लक्षात आले, की वकिलीचा धंदा यापुढे काहीच नव्हे. आम्हांला निदान बसायला खुर्ची तरी असते.

आमची कन्या सातव्या वर्षी प्रथम वर्गाला गेली. पायात चाळ आले त्या दिवशी आमच्या मातोश्री देवघरातून बाहेर आल्या नाहीत. त्यांचे बालपण फोंडे महालातले. 'पायात चाळ बांधणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ त्यांच्या पिढीला कोशात पाहावा लागत नव्हता. श्रीमंगेशाच्या, श्रीशांतादुर्गेच्या सभामंडपांत ज्या स्त्रिया देवापुढे गायल्या आणि नाचल्या, त्यांची कला गावाने ऐकली, पाहिली, त्यावर मान डोलावली. आणि त्याच गावाने त्यांना आपल्या उंबरठ्याच्या आत घेतले नाही. मातोश्रींचा राग नातीवर नव्हता, त्या आठवणीवर होता. चार दिवसांनी त्याच नातीच्या पायांना खोबरेल चोळताना त्या आम्हांला दिसल्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विषय काढला नाही.

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला या नृत्याविषयी परकेपणा वाटण्याचे खरे म्हणजे कारण नाही. ज्या क्रमाने आज भरतनाट्यम् रंगमंचावर येते, अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदे आणि शेवटी तिल्लाना, तो क्रम ज्या चौघा बंधूंनी बांधला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू तंजावरच्या मराठी दरबारात होते, आणि त्या दरबारचे राजे होते दुसरे सरफोजी भोसले, ज्यांची कारकीर्द १७९८ पासून १८३२ पर्यंत चालली. पुढे १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला, तेव्हा नववधूच्या आंदणाबरोबर गौरा आणि कांतिमती या नर्तकी बडोद्यास आल्या. कांतिमतीचे पुत्र कुबेरनाथ तंजावरकर यांनी पुढे येथील विद्यापीठात कित्येक वर्षे नृत्य शिकवले. मौलाबक्षांची गायनशाळा येथे १८८६ साली निघाली. तिच्याच वंशात आजचे विद्यापीठाचे संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे विद्यालय आहे. एका लग्नाच्या वऱ्हाडातून एक विद्या गावात आली आणि शंभर वर्षांत पदवीपर्यंत पोचली, हा इतिहास आमच्या शेजाऱ्यांना सांगितला म्हणजे ते म्हणतात, "असे होय!" आणि मग विचारतात, "पण शिकते काय?"

कन्या बारा वर्षांची झाल्यापासून रोज तीन तास जाऊ लागली. पंधराव्या वर्षी गुरुताईंनी अरंगेत्रम् करायचे ठरवले. सभागृह आरक्षित झाले, मृदंगवाद्य वाजवणारे विद्वान चेन्नईहून यायचे ठरले, पत्रिका छापून आल्या. आणि सहा आठवडे राहिले असताना उजव्या नडगीत दुखू लागले. आधी नाचल्यावर दुखे, मग नाचताना दुखे, आणि पुढे रात्री अंथरुणातही दुखू लागले. पहिल्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसले नाही. असल्या दुखण्याचे ते वैशिष्ट्यच आहे, असे डॉक्टरांनी समजावले: हाड मोडत नाही, ते थकते. एकाच जागी हजारो वेळा आघात झाला आणि मधल्या विश्रांतीत हाडाला आपली डागडुजी करता आली नाही, म्हणजे त्याला केसासारखी चीर जाते; साध्या चित्रात ती कित्येक आठवडे उमटतही नाही. एम.आर.आय. केल्यावर ती दिसली. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने नाच बंद. त्यानंतर पाहू."

मोटारीत बसल्यावर कन्येने एकच वाक्य उच्चारले: "संपलं सगळं."

आमच्या धंद्यात हे वाक्य आम्ही दररोज ऐकतो. नवखा पक्षकार पहिल्यांदा न्यायालयात येतो. दिवसभर बाकावर बसतो. सायंकाळी पुकारा होतो, आणि न्यायाधीश दोन शब्द बोलून पुढचा कागद हातात घेतात. पक्षकाराचा चेहरा पांढरा पडतो. त्याला वाटते, आपण हरलो. मग त्याला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगावे लागते, की बाबा रे, हा निकाल नव्हे, ही तारीख पडली. दोहोंचा आवाज सारखाच असतो, दोन्ही त्याच उंच खुर्चीवरून येतात, आणि दोन्ही वेळा माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. तरीही त्या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तीन महिने नाच बंद, ही तारीख होती. पण पंधरा वर्षांच्या मुलीला हे बापाने सांगून पटणारे नव्हते. पटवायचे काम वकिलाचे. आणि घरात वकील कोणालाच नको असतो, हे आमच्या सौ.ने आम्हांला लग्नानंतर लवकरच समजावून दिलेले आहे.

जे काम आम्हांला जमले नसते, ते गुरुताईंनी केले. चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला: "तिला नेहमीच्या वेळेला पाठवा. खुर्ची ठेवली आहे." कन्या तीन महिने त्या खुर्चीवर बसली. पायांना विश्रांती होती. हात, डोळे आणि तोंड यांना नव्हती. बसल्या बसल्या ती पदांचा अभिनय शिकली, बोल म्हणू लागली, आणि ताईंनी तिच्या हाती तालम् दिले. नट्टुवांगम्, म्हणजे पितळी तालांनी नर्तकीचे पाऊल बांधून ठेवण्याची विद्या, ही एरवी पुष्कळ उशिरा मिळते. आपल्या बरोबरीच्या मुली पुढे नाचताहेत आणि आपण खुर्चीवरून त्यांचा ताल धरतो आहोत, ही गोष्ट सोपी नव्हती. पहिल्या आठवड्यात ती दोनदा रडत घरी आली. दुसऱ्या महिन्यात एकदा म्हणाली, "बाबा, समोरून बघितलं की कुणाचा गुडघा कुठे चुकतो ते दिसतं." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

त्या सुट्टीत मातोश्रींनी तिला गोव्याला नेले. कुलदैवताचा काही नवस बोलायचा होता. सोमवारची पालखी झाल्यावर दोघी सभामंडपात खांबाला टेकून बसल्या होत्या. मातोश्रींनी तिच्या नडगीवर हात ठेवून कोकणीत म्हटले, "बाय, पांय बरो जातलो." मग तो मंडप तिला दाखवून त्या सांगू लागल्या, की येथे कोण गात असे, तेथे सारंगी कोण वाजवीत असे, आणि पालखीपुढे कोणाची मुलगी नाचत असे. सत्तर वर्षे जे त्या घरात कधी बोलल्या नव्हत्या, ते त्या एका लंगडणाऱ्या मुलीशी बोलल्या. आम्ही चार हात अंतरावर बसून ऐकत होतो.

आईबापांच्या वाट्याला काय येते याचा विचार करताना आम्हांला दोन माता वारंवार आठवतात. त्यांच्या देशांत आणि धर्मांत काही साम्य नाही. पहिली रशियातली. सेंट पीटर्सबर्गची ती एक परीटीण होती. लोकांचे कपडे धुऊन तिचा संसार चाले. तिने १८९० साली आपल्या आठ वर्षांच्या मुलीला नव्यानेच निघालेले 'स्लीपिंग ब्यूटी' हे बॅले दाखवायला नेले. मुलीने तेथेच आपण हेच करणार असे ठरवले. त्या शहरातली राजाश्रयाची नृत्यशाळा १७३८ सालापासूनची. अशा शाळांचा नियम निर्दय असतो: मुले कोवळ्या वयात घ्यायची, त्यांचे पाय, पाठ, खुबे वैद्याप्रमाणे तपासायचे, आणि पुढेही वरचेवर परीक्षा घेऊन जे पुरे पडणार नाहीत त्यांना परत पाठवायचे. ही मुलगी वयाने लहान आणि प्रकृतीने अशक्त म्हणून पहिल्या खेपेस नाकारली गेली. आई दुसऱ्या वर्षी तिला पुन्हा घेऊन गेली, आणि १८९१ साली तिला प्रवेश मिळाला. तिची पावले फार कमानदार, घोटे नाजूक. बोटांच्या टोकांवर उभे राहण्याला ती पावले सोयीची नव्हती. तिने आपल्या पादत्राणांच्या तळाला कातड्याचा आधार देऊन त्यावर उपाय काढला. तिचे नाव ॲना पाव्हलोवा. १९२८ साली ती मुंबईस आली तेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिचे नृत्य पाहिले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर दोघींची मैत्री जमली. रुक्मिणीदेवींनी तिच्या पथकातील क्लिओ नॉर्डी यांच्याकडे बॅलेचे धडेही घेतले. आपल्याच देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला त्यांना पाव्हलोवाने दिला. १९३५ साली रुक्मिणीदेवी स्वतः भरतनाट्यम् घेऊन लोकांपुढे उभ्या राहिल्या, १९३६ साली कलाक्षेत्र निघाले, आणि आमच्यासारख्यांच्या मुलींना ही वाट मोकळी होण्यात त्यांचा फार मोठा हात आहे. एका परटिणीने मुलीला दुसऱ्यांदा त्या दारात नेले नसते, तर या साखळीतली एक कडी कमी झाली असती.

दुसरी माता आपल्या गोव्याची. कुर्डी गावच्या जयश्रीबाई. आपल्या मुलीने मोठी गायिका व्हावे हा त्यांचा ध्यास. पैसा नाही, प्रतिष्ठा नाही, पाठीशी पुरुष नाही. मुलीला गाणे मिळावे म्हणून त्यांनी जे दार दिसेल ते ठोठावले आणि तिला नाटकमंडळीत घातले. १९१४ साली त्या वारल्या. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. त्या मुलीला पुढे सांगलीस अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मिळाली, ती तुटली, मुंबईस येऊन तिने अन्य उस्तादांकडे शिक्षण घेतले, पुन्हा अडथळे आले, आणि अखेर खाँसाहेबांचा गंडा बांधला गेला तो १९३४ साली. आई जाऊन वीस वर्षे झाली होती. त्या मुलीचे नाव मोगूबाई कुर्डीकर, आणि तिची मुलगी किशोरी आमोणकर. जयश्रीबाईंनी यातले काहीही पाहिले नाही. त्यांच्या हयातीपुरता हिशेब मांडला तर त्यांच्या खात्यावर नुसता खर्च दिसतो. आम्हांला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो तो मोगूबाईंच्या कीर्तीमुळे नव्हे. ज्याचे फळ आपण खाणार नाही असे झाड लावताना त्यांचा हात मागे आला नाही, म्हणून वाटतो.

कन्येचे अरंगेत्रम् अखेर सतराव्या वर्षी झाले. या समारंभाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. अरंगेत्रम् याचा अर्थ रंगमंचावर चढणे, म्हणजे आरंभ. आज कित्येक घरी त्याचे रूप लग्नासारखे झालेले आहे: पत्रिका, शालू, भोजन, प्रमुख पाहुणे, सत्कार, छायाचित्रे, आणि लग्नात जसे कधी कधी मुलीचे शिक्षण संपते, तसे अरंगेत्रम्‌मध्ये तिचे नृत्य संपते. आरंभाच्या नावाने शेवट साजरा होतो. आमचा पहिला बेतही पुष्कळ मोठा होता. दुखण्याने तो आपोआप लहान झाला. दुसऱ्या खेपेला दीडशे माणसांचे सभागृह, घरचे पेढे, आणि पत्रिकेऐवजी फोन. वर्णम् चालले असताना, सुमारे अर्धा तास, सौ.ची दृष्टी कन्येच्या मुखावर नव्हती; उजव्या नडगीवर होती.

त्यानंतर खरी परीक्षा आली. अठराव्या वर्षी कन्येने दक्षिणेतील एका नामवंत निवासी संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. चाचणीला आम्ही तिघेही गेलो. आत पंधरा मिनिटे. बाहेर आम्ही चिंचेच्या झाडाखाली उभे. दुसऱ्या दिवशी फलकावर यादी लागली. तीत तिचे नाव नव्हते. कारण दिलेले नव्हते, आणि विचारण्याची सोयही नव्हती.

न्यायशास्त्रात एक फार सुंदर तत्त्व आहे. ज्याच्याविरुद्ध निर्णय द्यायचा त्याला त्याची कारणे कळली पाहिजेत. कारणांवाचून दिलेला निर्णय म्हणजे मुका निर्णय. आम्ही उभे आयुष्य या तत्त्वावर युक्तिवाद केले आहेत. कलेच्या दारात ते चालत नाही, आणि चालू नये हेही आम्हांला मान्य आहे. समोरच्या जाणत्यांना काय खटकले, बैठक उथळ वाटली, की डोळ्यांत काही कमी दिसले, की केवळ जागा थोड्या होत्या, याचे लेखी उत्तर कोणी देऊ शकत नाही. येथे अपील नाही. म्हणूनच हा निकाल आहे की तारीख, हे ठरवण्याचा अधिकार अन्य कोणाला उरत नाही. तो त्या मुलाचाच राहतो.

परतीच्या गाडीत रात्री दहाच्या सुमारास, दिवे मालवल्यावर, वरच्या बाकावरून कन्येचा आवाज आला.

"बाबा, मी थांबले तर तुम्हांला वाईट वाटेल?"

सौ. खाली जागी होती. आम्ही म्हटले, "तुला थांबायचंय का?"

"माहीत नाही. पण इतका खर्च झालाय. अकरा वर्षं. आई रोज वर्गाबाहेर बसायची. आजीनं नवस केला. आता मी सोडलं तर ते सगळं फुकट गेलं."

या उद्गाराने आम्ही सुन्न झालो. मुलीच्या पायांवर अकरा वर्षांत किती भार पडला याची नोंद डॉक्टरांपाशी होती. हा दुसरा भार तिने कोणाला न सांगता वाहिला होता. आम्ही जरा वेळाने म्हटले, "बाळ, कर्जाला कर्जरोखा लागतो, दोन साक्षीदार लागतात. तुझ्याकडून आम्ही काही लिहून घेतलेलं नाही. झाला तो खर्च. तो वसूल करायचा नसतो."

खालून सौ. म्हणाली, "आणि वर्गाबाहेर मी तुझ्यासाठी बसत नव्हते. तिथे वारा छान यायचा."

वर थोडा वेळ शांतता, आणि मग हसण्याचा आवाज. ती कधी झोपली ते कळले नाही. आम्ही मात्र बराच वेळ जागे होतो.

त्या जागरणात एक गोष्ट आमच्या मनात स्पष्ट झाली. आमच्या देवळांतून ज्या मुली पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या, त्यांचे शिक्षण कष्टाच्या मानाने आमच्या मुलीच्या शिक्षणाहून कमी नव्हते. कदाचित अधिकच होते. त्यांच्याही आया त्यांच्या पायांना तेल चोळीत असतील. फरक एवढाच, की त्यांना आत जाण्याचे दार होते आणि बाहेर येण्याचे नव्हते. मूल सात-आठ वर्षांचे असताना त्याला देवाच्या नावाने वाहून टाकले, की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नसे. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रासेत १९४७ साली कायद्यांनी हे वाहणे बेकायदा ठरवले. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे मुंबईचा कायदा तेथे लागू नव्हता. तेथील कलावंत समाजाने शिक्षणाच्या आणि स्वतःच्या निश्चयाच्या बळावर ती रूढी मागे टाकली. हे कायदे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते. त्यांचा अर्थ मात्र त्या रात्री गाडीत कळला. जी सोडता येते, तीच विद्या स्वतःची म्हणता येते. आणि प्रेमाने, खर्चाने, नवसाने, कौतुकाने ते बाहेरचे दार आपण नकळत लावून घेऊ शकतो. तेव्हा आईबापांचे पहिले काम म्हणजे त्या दाराला कडी लागू न देणे. पुढे जाण्याच्या दाराची चिंता गुरू करतात. हे मागचे दार आपल्याकडे असते.

बाकीची कामे लहान आहेत, आणि त्यांना प्रतिष्ठा नाही. वर्गाची सुती साडी रोज धुऊन वाळत घालणे. नाचून आलेल्या मुलाला दारातच "कसं झालं?" असे न विचारता आधी पाणी देणे. दुसऱ्या कोणाच्या मुलीची निवड झाली ही बातमी आपल्या तोंडून प्रथम न सांगणे, आणि सांगावी लागलीच तर तिच्या आनंदात पुरेपूर आनंद मानणे. दुखते म्हटले की दृष्ट काढावी, त्यात तोटा नाही. पण त्याच दिवशी डॉक्टरकडेही जावे. नृत्याबरोबर शाळेचा अभ्यास चालू राहील इतके पाहणे, कारण बाहेरचे दार उघडे ठेवायचे म्हणजे बाहेर उभे राहायला जागाही हवी. आणि गुरूंच्या आणि मुलाच्या मध्ये वकीलपत्र दाखल न करणे. हे शेवटचे आमच्यासारख्याला विशेष कठीण जाते.

गाडी बडोद्याला पोचल्यावर आठ दिवस कन्येने चाळांना हात लावला नाही. आम्ही दोघे नित्याच्या कामाला लागलो. नवव्या दिवशी पहाटे गच्चीवरून पावलांचा आवाज आला. तिने येथील विद्यापीठात नृत्याच्या पदवीसाठी प्रवेश घेतला. आज ती विसाव्या वर्षात आहे. ती मोठी नर्तकी होईल की नाही हे आम्हांला ठाऊक नाही, आणि तिलाही नाही. गेल्या वर्षी एका महोत्सवासाठी तिची निवड झाली नाही. या वर्षी एका लहान कार्यक्रमात तिने नट्टुवांगम् केले आणि जाणत्यांनी तिच्या तालाचे नाव काढले. खुर्चीवर बसून शिकलेली विद्या उपयोगी पडली. थंडीच्या दिवसांत नडगी अजून थोडी दुखते.

गेल्या पावसाळ्यापासून ती गुरुताईंच्या लहान वर्गाला मदत करते. मागच्या रविवारी तिला आणायला गेलो असता आठ वर्षांच्या एका मुलीच्या आई तिच्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "हिचं अरंगेत्रम् साधारण किती वर्षांत होईल हो?" आमची कन्या खाली वाकून त्या मुलीचे गुडघे बाजूला वळवीत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काकू, आधी तिला दोन वर्षं नीट बसू दे. मग आपण तिलाच विचारू."